जो तक्रारच करत नाही, त्याचं काय? अमेरिकी शहरांचं नागरी हक्क खातं समजून घेताना

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, त्यामुळे मराठी माणसांत त्याची चर्चा झालीच. कुणी स्वागत केलं, कुणी कडाडून विरोध केला. पण कायदा झाल्यानंतरचा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. उद्या तिथल्या एखाद्या कंपनीत वरिष्ठाने आडनाव आणि गाव विचारून घेतलं आणि मग कुणाची बढती अडवली, तर त्याने जायचं कुठे?

जायचं सिएटल शहराच्या नागरी हक्क कार्यालयात. हे पोलीस ठाणं नाही आणि न्यायालयही नाही. शहर सरकारचंच ते एक खातं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत असं खातं असतं, नाव मात्र शहरागणिक बदलतं. न्यूयॉर्कमध्ये मानवी हक्क आयोग आहे, मिनियापोलिसमध्ये नागरी हक्क विभाग, ओकलंडमध्ये वंश आणि समन्याय विभाग. या खात्याच्या प्रमुखाचं काम नेमकं काय, त्याच्या हातात किती सत्ता असते आणि ती कुठे संपते, हे या लेखात पाहायचं आहे. शहराचा न्याय हा न्यायालयापेक्षा रस्त्याच्या डांबरीकरणाच्या यादीत आणि दंडाच्या पावतीत जास्त ठरतो, असं माझं मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

दंगलीतून जन्मलेलं खातं

जून १९४३ मध्ये डेट्रॉइटला वांशिक दंगल झाली आणि ३४ माणसं मेली. त्यातली २५ कृष्णवर्णीय होती. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये भडका उडाला. घाबरलेल्या महापौरांनी शहरोशहरी सलोखा समित्या नेमल्या. शिकागोत १९४३ मध्येच, न्यूयॉर्कमध्ये १९४४ साली महापौर ला गार्डिया यांनी. सभा घ्या, पत्रकं काढा, दोन्ही बाजूंच्या प्रतिष्ठितांना एका टेबलावर बसवा, एवढंच या समित्यांचं काम. दुकानदाराने दारातून हाकललं किंवा मालकाने नोकरी नाकारली, तर समिती त्याला समजावू शकत होती, शिक्षा करू शकत नव्हती.

मिनियापोलिसने १९४७ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. ह्युबर्ट हम्फ्री तेव्हा तिथे महापौर होते. नोकरी देताना वंश किंवा धर्म पाहणाऱ्या मालकाला दंड करता येईल, असा कायदा शहराने केला. मग १९६४ चा केंद्रीय नागरी हक्क कायदा आला आणि चित्रच पालटलं. त्याच्या सहाव्या प्रकरणाने सांगितलं की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वंश, वर्ण किंवा मूळ देश पाहून भेदभाव करता येणार नाही. शहरं रस्त्यांसाठी, घरांसाठी, बससेवेसाठी केंद्राचा पैसा घेतातच, त्यामुळे त्यांचा बहुतेक कारभार या कक्षेत आला. सातव्या प्रकरणाने नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवला. घरांसाठीचा कायदा यायला १९६८ चा एप्रिल उजाडावा लागला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरचा आठवडा.

सिएटलचीच गोष्ट घ्या. घर विकताना वा भाड्याने देताना वंश पाहू नये, असा प्रस्ताव मार्च १९६४ मध्ये मतदारांपुढे ठेवला गेला. मतदारांनी तो दोनास एकहून मोठ्या फरकाने फेटाळला. तोच आशय नगर परिषदेने १९ एप्रिल १९६८ रोजी एकमताने मंजूर केला, किंग यांच्या हत्येनंतर १५ दिवसांनी. ज्यांचे हक्क डावलले जातात ते बहुतेकदा संख्येने कमी असतात. त्यांचे हक्क बहुमताला विचारून द्यायचे म्हटलं, तर ते मिळायला किती काळ जाईल याचा काही नेम नाही.

तक्रार आत आल्यावर

खात्याचं पहिलं काम तक्रारींचा तपास. इथे प्रमुखाला एक शिस्त पाळावी लागते, आणि बाहेरच्या लोकांना ती नेहमी बोचते. तपास चालू असताना खातं तक्रारदाराचं वकील नसतं. ते तटस्थ असतं. मालकाला, घरमालकाला, दुकानदाराला म्हणणं मांडायची पूर्ण संधी द्यावी लागते, कागद मागवावे लागतात, साक्षीदारांशी बोलावं लागतं. तोच प्रमुख दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सभेत जाऊन ‘तुमच्यावर अन्याय होतोय, आमच्याकडे या’ असंही सांगतो. एकाच माणसाने सामन्यात पंच व्हायचं आणि एका संघाला खेळायलाही शिकवायचं, असा हा प्रकार. म्हणून नीट चालणाऱ्या खात्यात तपास करणारी माणसं वेगळी ठेवतात आणि धोरणावर काम करणारी वेगळी.

तक्रार कशाची करता येते, हे कायद्यात नोंदवलेल्या ‘संरक्षित’ ओळखींवर ठरतं. वंश, धर्म, लिंग, मूळ देश, अपंगत्व, वय या बहुतेक सगळीकडे आहेत. शहरं त्यात आपली भर घालतात. सिएटलमध्ये राजकीय विचारसरणीलाही संरक्षण आहे. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये उंची आणि वजन यादीत घातलं. सिएटलपाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराने २०२३ मध्येच जातीचा समावेश केला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळानेही जातीविषयीचं विधेयक मंजूर केलं होतं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही करायला नकार दिला. सध्याच्या कायद्यांत हे संरक्षण आधीच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

शहराचा कायदा केंद्राच्या कायद्यापेक्षा रुंद असू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. केंद्राच्या कायद्याचं सातवं प्रकरण १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकालाच लागू होतं. न्यूयॉर्क शहराचा कायदा ४ कर्मचाऱ्यांपासून सुरू होतो, आणि मुद्दाम केलेल्या उल्लंघनासाठी आयोग अडीच लाख डॉलरपर्यंत दंड करू शकतो. छोट्या हॉटेलात किंवा दुकानात राबणाऱ्या माणसाला या फरकाचा मोठा आधार आहे.

मुदतीकडे मात्र लक्ष हवं. नोकरीची केंद्रीय तक्रार १८० दिवसांत करावी लागते. राज्याची किंवा शहराची तशी यंत्रणा असेल तर ही मुदत ३०० दिवसांपर्यंत वाढते. घराची केंद्रीय तक्रार एका वर्षात. तक्रार करायला फी नाही, वकील लागत नाही. तक्रार केली म्हणून सूड उगवला, तर ते कायद्याचं स्वतंत्र उल्लंघन ठरतं. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी सूड सिद्ध होऊ शकतो. अनुभवी तपासनीस म्हणूनच घटनेनंतर काय घडलं, हेही खोदून विचारतात.

तक्रार कुणी केलीच नाही, तरी खातं काही बाबतींत स्वतःहून पडताळणी करू शकतं. घरांच्या बाबतीत ही पद्धत फार परिणामकारक आहे. व्हर्जिनिया राज्यात रिचमंडला लागून असलेल्या हेन्रायको काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) १९७८ मध्ये काय झालं ते पाहा. कोलमन नावाची कृष्णवर्णीय स्त्री भाड्याच्या घराची चौकशी करायला एका कंपनीकडे गेली. उत्तर मिळालं, घर रिकामं नाही. विलिस नावाचा श्वेतवर्णीय पुरुष त्याच कंपनीकडे गेला, त्याला सांगण्यात आलं, घर आहे. मार्चमध्ये हे ३ वेळा घडलं. जुलैत कोलमन यांना पुन्हा तेच उत्तर मिळालं. दोघांनाही खरं तर घर नको होतं. एका गृहहक्क संस्थेने त्यांना पडताळणीसाठी पाठवलं होतं. कंपनीचं म्हणणं असं की घरच नको होतं तर नुकसान कसलं? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं की खरी माहिती मिळणं हाच कायद्याने दिलेला हक्क आहे. कोलमन यांना खोटं सांगितलं गेलं, म्हणून त्या दावा करू शकतात. विलिस यांना खरं सांगितलं होतं, त्यांना निव्वळ पडताळणीच्या जोरावर तो दावा करता येणार नाही.

एकटी कोलमन गेली असती तर तिला कधीच कळलं नसतं. ‘जागा नाही हो’ हे वाक्य हसून, अदबीने सांगितलं जातं. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या दारी जातो. भेदभाव झालेल्याला तो झाल्याचा पत्ताच नसतो, मग तक्रार कुठून येणार? जातीच्या बाबतीत तर हे आणखी कठीण. दोघांचा वर्ण एक, देश एक, भाषाही एक. आडनाव, गाव, खाणंपिणं यांबद्दलचे साधे वाटणारे प्रश्न कशासाठी विचारले गेले, हे बाहेरच्या तपासनिसाला सांगितल्याशिवाय उमगणार नाही. तिथे प्रमुखाने आपल्या माणसांना हे संदर्भ आधी शिकवलेले नसतील, तर कायदा पुस्तकातच राहील.

तक्रारींच्या पलीकडे

समजा खात्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या एकाच श्रीमंत भागातून आल्या. मग त्या भागात भेदभाव जास्त आहे असं म्हणायचं का? बहुधा नाही. तिथल्या माणसांना कायदा माहीत आहे, इंग्रजी येतं, फोनवर अर्धा तास थांबायला वेळ आहे, आणि सरकारी कार्यालयात आपलं ऐकलं जाईल असा विश्वास आहे. दोन नोकऱ्या करणारी बाई, कागदपत्रांची धास्ती असलेला स्थलांतरित, सरकारशी आलेला प्रत्येक संबंध वाईटच आठवणारा तरुण, हे कुणीच तक्रार करत नाहीत. तक्रारींवर चालणारं सरकार तक्रार करू शकणाऱ्यांचंच काम करतं.

सिएटलमध्ये रस्त्यावरचे दिवे बदलण्याचं काम पूर्वी अशाच पद्धतीने चाले. दिवा गेला, कुणीतरी कळवलं, की बदलायचा. वरवर याहून निःपक्षपाती नियम कोणता? पण ज्या वस्त्यांतून फोन कमी येत, तिथे अंधार जास्त काळ राहायचा. शहराने मग ठरावीक काळाने भागवार दिवे बदलण्याची पद्धत आणली. कुणा अधिकाऱ्याच्या मनात पाप होतं असं नाही. नियमच तसा होता.

शहर सरकारांत ‘समन्याय’ या नावाने चालणारं काम हेच. शहराच्या रोजच्या कारभाराचा फायदा कुणाला होतो, त्रास कुणाच्या वाट्याला येतो हे मोजायचं, आणि तफावतीचं मूळ शहराच्याच नियमात असेल तर तो नियम बदलायला लावायचा. सिएटलने २००० च्या दशकाच्या मध्यावर यासाठी ‘वंश आणि सामाजिक न्याय उपक्रम’ सुरू केला. पुढे अनेक शहरांनी तो नमुना उचलला.

याची गरज का पडली, हे जुन्या नकाशांवरून कळतं. १९३३ मध्ये केंद्र सरकारने घरमालकांच्या कर्जासाठी एक महामंडळ काढलं. त्याने १९३५ ते १९४० दरम्यान २०० हून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला उत्तम भाग हिरवा, त्याखालचा निळा, मग पिवळा, आणि ‘धोकादायक’ भाग लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे लाल रंगात गेल्या. सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जं श्वेतवर्णीय उपनगरांकडे वळली आणि या वस्त्या वगळल्या गेल्या. अमेरिकी मध्यमवर्गीय कुटुंबाची सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे राहतं घर. एका पिढीला ते घेता आलं नाही, की पुढच्या पिढीच्या कॉलेजचे पैसे उरत नाहीत, व्यवसायाला तारण उरत नाही. १९६८ नंतर असा भेदभाव बेकायदा झाला. पण रस्ते, गटारं, कारखाने, झाडं जिथे होती तिथेच राहिली.

ओकलंडने खड्ड्यांपासून सुरुवात केली, आणि मला हे उदाहरण फार आवडतं. २०१९ मध्ये शहराने तीन वर्षांचा, १० कोटी डॉलरचा डांबरीकरणाचा आराखडा केला. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश पैसा मोठ्या हमरस्त्यांऐवजी वस्त्यांमधल्या रस्त्यांना दिला. तो कोणत्या भागाला किती द्यायचा, हे ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या: रस्ते किती खराब आहेत, आणि आजवर दुर्लक्षित राहिलेल्या गटांतली किती माणसं तिथे राहतात. यात कुणाला मोफत काही वाटलेलं नाही. पैसा तोच, डांबर तेच, फक्त यादीतला क्रम बदलला. ज्याची जुनी गाडी खड्ड्यात जाऊन टायर फाटतो आणि त्या दिवशीची मजुरी बुडते, त्याला या क्रमाची किंमत बरोबर कळते.

असा क्रम बदलायचा तर खात्याच्या प्रमुखाला वाहतूक खात्यात जाऊन बसावं लागतं. डांबरीकरण त्याच्या अखत्यारीत नाही. अभियंत्यांना हुकूम द्यायचा अधिकार त्याला नाही. त्याच्याजवळ असते ती आकडेवारी, महापौरांचा पाठिंबा असलाच तर तो, आणि एक प्रश्नावली. या निर्णयाने कुणाचं काय सुधारेल? बोजा कुणावर पडेल? ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना कधी विचारलं? परिणाम झाला की नाही, हे कशावरून ओळखणार? प्रत्येक खात्याने आपल्या मोठ्या निर्णयांआधी ही उत्तरं लिहून द्यायची.

प्रश्नावली कधी भरली जाते, यावर तिचं मोल ठरतं. निर्णय झाल्यावर, फाइल पुढे सरकवण्यासाठी भरलेला कागद निरुपयोगी. आराखड्याच्या पहिल्या मसुद्याबरोबर भरला, तर तोच कागद कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे करू शकतो. चांगला प्रमुख म्हणूनच अर्थसंकल्पाचे महिने सोडून दुसरीकडे भाषणं देत फिरत नाही. कर्मचाऱ्यांसाठी संवेदनशीलतेच्या कार्यशाळा घेणं तुलनेने सोपं आहे, आणि अनेक शहरं तिथेच अडकली. कार्यशाळा वाईट नसतात. पण कार्यशाळेनंतर यादी, अर्ज, दंडाचे दर सगळं जसंच्या तसं राहिलं, तर वस्तीतल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

भाषेचंही तसंच. शहराची सूचना फक्त इंग्रजीत असेल, तर इंग्रजी न येणाऱ्याला ती मिळालीच नाही असं समजायला हवं. सान फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी भाषक मुलांना समजत नसलेल्या इंग्रजीत शिकवलं जात होतं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते १९६४ च्या कायद्याच्या सहाव्या प्रकरणाचं उल्लंघन ठरवलं. न्यूयॉर्कने २०१७ च्या कायद्याने १० भाषा ठरवून दिल्या. त्यांत बंगाली आणि उर्दूही आहेत.

कायद्याची तारेवरची कसरत

इथवर वाचून कुणालाही वाटेल की शहराने सरळ राखीव वाटा ठेवावा. रिचमंड शहराने तेच केलं होतं. तिथली निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय, पण पाच वर्षांत शहराच्या बांधकाम कंत्राटांपैकी ०.६७ टक्के कामं अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळाली होती. १९८३ मध्ये नगर परिषदेने नियम केला की मुख्य ठेकेदाराने कामाच्या रकमेतला किमान ३० टक्के हिस्सा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना द्यावा. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शहरात नेमका भेदभाव कुठे आणि कसा झाला याचा पुरावा नाही, ३० टक्के हा आकडा कुठून आला याचा हिशेब नाही, आणि लाभार्थींच्या यादीत अलास्काकडचे एस्किमो आणि अल्यूट लोकही घातले आहेत, ज्यांच्यावर रिचमंडमध्ये अन्याय झाल्याचं काहीच समोर आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

या निकालाने खात्याच्या प्रमुखाचं काम कायमचं बदललं. तेव्हापासून शहरं आधी ‘तफावत अभ्यास’ करून घेतात. काम करायला सक्षम अशा किती कंपन्या शहरात आहेत, त्यांतल्या कुणाला किती कंत्राटं मिळाली, उरलेला फरक कशाने पडला, हे शेकडो पानांत मांडलेलं असतं. रटाळ वाचन आहे, पण तेच प्रमुखाचं चिलखत. पुष्कळ शहरं वंशाऐवजी कंपनीचा आकार, पत्ता, उत्पन्न असे निकष वापरतात. अनामत रक्कम कमी करणं, मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडणं, बिलं वेळेवर चुकती करणं हे उपाय सगळ्यांसाठी खुले असतात आणि लहान कंपनीला सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

उलट बाजूने एका जुन्या खटल्याने या कामाला मोठा आधार दिला. ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या एका केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजुरीच्या विभागात घेत. २ जुलै १९६५ रोजी सातवं प्रकरण अमलात आलं आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांसाठी लेखी चाचण्या लावल्या. हायस्कूल पास असण्याची अट आधीपासून होतीच. कामाशी या अटींचा संबंध दाखवता आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एकमताने सांगितलं की हेतू काहीही असो, एखादी अट एका गटाला जास्त प्रमाणात बाहेर ठेवत असेल आणि ती कामासाठी गरजेची नसेल, तर ती चालणार नाही. मनात काय होतं यापेक्षा परिणाम काय झाला, याकडे कायद्याची नजर वळली. शहरं आपल्या भरतीच्या जाहिरातींतल्या पदवीच्या, वाहन परवान्याच्या, जुन्या गुन्ह्याच्या नोंदीच्या अटी पुन्हा तपासतात, त्यामागे हा निकाल आहे.

आरोपी शहरच असतं तेव्हा

खासगी घरमालकाची चौकशी करणं एक वेळ सोपं. आपल्याच महापौराच्या खात्यांबद्दल बोलायचं तर कस लागतो.

मिझुरीतल्या फर्ग्युसन शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. केंद्रीय न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये त्या शहराच्या पोलीस कारभारावर अहवाल दिला. शहरात ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय. पण पोलिसांनी अडवलेल्या वाहनचालकांत त्यांचं प्रमाण ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९० आणि अटकांत ९३ टक्के. गाडीची झडती घेतली जाण्याची शक्यता कृष्णवर्णीय चालकांची दुपटीहून जास्त होती, आणि तरी त्यांच्याकडे बेकायदा वस्तू सापडण्याचं प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा कमी होतं. अहवालातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पोलिसांच्या नाही, अर्थ खात्याच्या दालनातली आहे. पावत्या वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणं कठीण जाईल, असं शहराचे अर्थ अधिकारी पोलीस प्रमुखांना लिहीत होते. अर्थसंकल्पात दंडाचं उत्पन्न आधीच गृहीत धरलं, की ते कुणाच्या तरी खिशातून काढावंच लागतं. ज्याला वकील परवडत नाही, त्याच्याकडून ते सर्वांत सहज निघतं.

शिकागोचं प्रकरण अलीकडचं. भंगार धातूचे तुकडे करणारा एक कारखाना श्रीमंत, बहुसंख्य श्वेतवर्णीय लिंकन पार्क भागातून उठवून शहराच्या आग्नेय टोकाला न्यायचं घाटत होतं. तिथे प्रामुख्याने लॅटिनो आणि कृष्णवर्णीय राहतात, आणि कारखाने आधीच खच्चून भरलेले. रहिवाशांच्या संघटनांनी २०२० मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार केली. २०२२ मध्ये त्या खात्याचा निष्कर्ष आला की शहराने भेदभाव केला आहे. मे २०२३ मध्ये शहराने तडजोडीवर सही केली आणि प्रदूषणाचा बोजा कुठे टाकला जातो, याच्या नियमांत बदल करण्याचं मान्य केलं. परवाना देणाऱ्या टेबलावर हा प्रश्न आधीच विचारला गेला असता, तर पुढची तीन वर्षं वाचली असती. ते विचारणारा माणूस त्या टेबलावर असावा, यासाठीच तर हे पद.

बऱ्याच शहरांत हा प्रमुख महापौर नेमतो. म्हणजे ज्याच्या कारभाराला आरसा दाखवायचा, त्याच्याच हातात नोकरी. काही शहरांनी स्वतंत्र आयुक्तमंडळ ठेवून यावर उपाय केला. त्या मंडळाच्या सभा जाहीर होतात, वार्षिक अहवाल थेट नगर परिषदेपुढे जातो. माझ्या मते ही व्यवस्था नसेल तर प्रमुख कितीही तळमळीचा असला, तरी निवडणुकीच्या वर्षात त्याचा अहवाल कपाटात जाऊ शकतो.

बदलतं केंद्र आणि टिकणारे नियम

२०२५ पासून या खात्यांच्या पायाखालची जमीन हलते आहे. जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी विविधता आणि समन्यायाच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले आणि केंद्राचं अनुदान घेणाऱ्यांवर नव्या अटी घातल्या. मार्चमध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा जाहीर करून २००० सालचा भाषासेवेचा आदेश मागे घेतला. एप्रिलमध्ये परिणामावरून भेदभाव ठरवण्याच्या तत्त्वाची केंद्राकडून होणारी अंमलबजावणी शक्य तितकी थांबवण्याचा आदेश आला. मे महिन्यात सिएटल ज्यात येतं ती किंग काउंटी, सान फ्रान्सिस्को, बोस्टन, न्यूयॉर्क आदींनी अनुदानाच्या अटींविरुद्ध न्यायालय गाठलं. खात्याच्या प्रमुखाचा बराच वेळ आता शहराच्या वकिलांबरोबर जातो. कोणता कार्यक्रम कोणत्या शब्दांत चालवायचा, कोणतं अनुदान धोक्यात आहे, काय सोडायचं आणि कशासाठी लढायचं.

आदेशाने कायदा मात्र रद्द होत नाही. १९६४ चा, १९६८ चा आणि अपंगांसाठीचा १९९० चा कायदा जागेवर आहे. राज्यांचे आणि शहरांचे कायदेही आहेत. ज्यांनी समन्यायाचं काम फक्त महापौराच्या घोषणापत्रात ठेवलं, त्यांचं काम महापौराबरोबर जातं. ज्यांनी ते शहराच्या नियमावलीत, कंत्राटाच्या कलमांत आणि रोजच्या अर्जांत उतरवलं, त्यांचं टिकतं.

ओकलंडच्या पोलिसांनी चालकाला थांबवल्यावर भरायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न घातला: हा थांबा एखाद्या नेमक्या गुन्ह्याच्या माहितीवरून आहे का? हो किंवा नाही. हा उपाय सुचवण्यात स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांचा पुढाकार होता. २०१७ ते २०१८ या एका वर्षात थांबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या ४० टक्क्यांहून जास्त घटली. कुणाला थांबवायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. कारण लिहायचं आहे हे ठाऊक झालं, एवढंच.

अपंगांच्या कायद्यानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक शहराला एक जबाबदार अधिकारी आणि तक्रारीची रीत ठरवून द्यावी लागते. तरीही लॉस एंजेलिसमध्ये झाडांच्या मुळांनी उखडलेल्या पदपथांवरून चाकाची खुर्ची नेता येत नव्हती. रहिवासी न्यायालयात गेले. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत शहराने पदपथांसाठी सुमारे १४० कोटी डॉलर खर्चण्याचं मान्य केलं, ३० वर्षांत मिळून. तिथल्या महापौराची मुदत ४ वर्षांची असते आणि जास्तीत जास्त दोनच मुदती मिळतात, म्हणजे हा करार पुरा होईपर्यंत किमान चार महापौर होऊन जातील. दरवर्षी अर्थसंकल्पात त्या कामाची रक्कम धरली गेली की नाही, आणि कोणत्या वस्तीतला पदपथ यादीत वर आला, हे तेवढी वर्षं कुणीतरी बसून तपासायचं आहे.